नाण्यावरील माती

बंगळूर शहराच्या वायव्य भागातील यशवंतपूर हे नाव आज रेल्वेचे स्थानक म्हणून सर्वांच्या परिचयाचे आहे. १८९१ साली तेथे रेल्वेच्या कामासाठी खोदाई चालू असताना चांदीची १६३ रोमन नाणी सापडली. ती ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस या सम्राटांच्या काळची, म्हणजे ख्रिस्ती शकाच्या आरंभाच्या आगेमागे पाडलेली होती. पुढे विसाव्या शतकात शहराच्या पूर्वेस, विमान कारखान्याच्या विमानतळाच्या परिसरातही त्याच प्रकारच्या नाण्यांचा ठेवा मिळाला. ज्या शहराचा लिखित इतिहास सांगताना केंपेगौडापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे, त्या शहराच्या भूमीवर दीड हजार वर्षे अगोदर रोमच्या टांकसाळीतील चांदी वावरत होती, हे या दोन ठेव्यांनी सिद्ध केले.

यशवंतपूरचा ठेवा आकाराने मोठा नव्हे. चांदीच्या या नाण्यास डेनारियस म्हणत. त्याचे वजन पावणेचार ग्रॅमांच्या आसपास असे, व्यास अठरा-एकोणीस मिलिमीटर. १६३ नाण्यांची चांदी सुमारे सहाशे ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने पन्नास तोळ्यांच्या जवळपास भरते. त्या काळी रोमच्या पायदळातील शिपायास वर्षाला २२५ डेनारियस वेतन मिळे. तेव्हा हा सारा ठेवा एका शिपायाच्या नऊ महिन्यांच्या वेतनाएवढाही नव्हता. ही राजाच्या भांडारातील संपत्ती नसून एखाद्या बेताच्या व्यापाऱ्याची पुंजी असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

अशा ठेव्याचा काळ कसा ठरवतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे. ठेव्यातील सर्वांत अलीकडचे नाणे ज्या वर्षी पाडले गेले, त्या वर्षापूर्वी तो ठेवा पुरला गेला असणे शक्य नाही. यशवंतपूरच्या ठेव्यात क्लॉडियसची नाणी होती, क्लॉडियसने इ. स. ४१ ते ५४ या काळात राज्य केले. म्हणून तो ठेवा इ. स. ४१ नंतरचा. आता अशी कल्पना करावी की, खोदणाऱ्यांपैकी एकाने क्लॉडियसची नाणी तेवढी उचलून सोनाराला विकली असती, किंवा ती घासून इतकी गुळगुळीत केली असती की मस्तक व लेख ओळखू येऊ नयेत. ठेव्याचा काळ तेवढ्याने एक-दोन पिढ्या मागे सरकला असता, आणि ही चूक झाली आहे हे कोणासही कधी कळले नसते. जुनी नाणी स्वच्छ करणे व ओळखणे हा छंद निरुपद्रवी वाटतो. परंतु त्याच्या हातून पुरावा वाचतो तसा नाहीसाही होतो.

ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी दक्षिण भारतात इतक्या मोठ्या प्रमाणावर का सापडतात, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. इ. स. ६४ च्या सुमारास नीरो या सम्राटाने डेनारियसचे वजन घटविले आणि चांदीत तांब्याचा अंश वाढविला. पूर्वी एका रोमन पौंड चांदीत ८४ नाणी पाडीत, ती आता ९६ पाडली जाऊ लागली. भारतातील व्यापारी नाणे धातूच्या भावाने पारखून घेत असत. त्यांनी जुने, सकस नाणे पसंत करावे यात नवल नाही. रोमन लेखक प्लिनी याने एक कथा नोंदवून ठेवली आहे. सिंहलद्वीपाच्या राजाने रोमन नाणी पाहिली तेव्हा निरनिराळ्या सम्राटांच्या मुद्रा असूनही सर्वांचे वजन सारखे आहे, याचेच त्याला कौतुक वाटले. हाच प्लिनी भारत दरवर्षी साम्राज्यातील पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार करतो. चार सेस्टर्सचा एक डेनारियस होत असे. प्लिनीचा आकडा कितपत अचूक आहे, याविषयी मतभेद आहेत; परंतु मिरी, रत्ने व तलम वस्त्रे यांच्या मोबदल्यात नाणे भारताकडे येत होते, ही गोष्ट जमिनीतून निघालेल्या ठेव्यांनीच शाबीत केली आहे.

नाणी गेली तरी शब्द मागे राहिले. संस्कृत ग्रंथांतील 'दीनार' हा शब्द डेनारियसवरून आला. ग्रीकांच्या 'द्राख्मा' या नाण्यावरून 'द्रम्म' हा शब्द झाला. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत तो आढळतो. त्याचेच रूप पुढे 'दाम' झाले. सावकाराच्या दामदुपटीचा उल्लेख करणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी नकळत एका ग्रीक नाण्याचे नाव असते.

ओळख

नाणे हाती आले की प्रथम ते धुवावे, अशी प्रेरणा होते. ती आवरली पाहिजे. अगोदर ओळख पटवावी आणि मगच, आवश्यक असेल तेवढीच, सफाई करावी. मातीने झाकलेले नाणे वाचावयाचे कसे, अशी शंका येथे उपस्थित होईल. परंतु अंधाऱ्या खोलीत एकाच बाजूने, जवळजवळ आडवा प्रकाश टाकला आणि नाणे हळूहळू फिरविले, तर मातीच्या थराखालूनही मस्तकाची कड आणि अक्षरांचे उठाव बरेचसे दिसू लागतात. दहापट मोठे दाखविणारे भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखविणारा काटा आणि व्यास मोजण्याचे साधन, एवढ्या सामग्रीवर हा छंद चालतो. आरंभीच दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. हातातल्या मोबाइल फोननेही ती चांगली निघतात. वजन, व्यास, धातू, कोठून मिळाले व केव्हा मिळाले ही टिपणे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. सफाईनंतर वजन बदलते, म्हणून पहिले वजन महत्त्वाचे असते.

भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या दोन डेनारियसांचे उदाहरण घेऊ. दोन्ही नाणी फ्रान्समधील आजच्या लिऑं या शहरात, त्या काळच्या लुगदूनम येथील टांकसाळीत पाडली गेली, असे मानतात. पहिल्यावर ऑगस्टसचे उजवीकडे पाहणारे, पानांचा मुकुट घातलेले मस्तक आहे. मागील बाजूस दोन तरुण उभे असून त्यांच्यामध्ये ढाली व भाले टेकवून ठेवलेले आहेत आणि वर पुरोहिताची दोन उपकरणे कोरलेली आहेत. हे दोघे म्हणजे ऑगस्टसने दत्तक घेतलेले नातू, गायस व लुशियस. साम्राज्याचे वारस म्हणून त्यांची ओळख या नाण्याने जगाला करून दिली. परंतु लुशियस इ. स. २ मध्ये आणि गायस इ. स. ४ मध्ये मरण पावला. वारसा मिळण्यापूर्वीच गेलेल्या या दोन मुलांच्या प्रतिमा हजारोंच्या संख्येने दख्खनच्या मातीत मिळाव्यात, हा इतिहासाचा एक विचित्र योगायोग होय.

दुसरे नाणे टायबेरियसचे. त्याच्या मागील बाजूस आसनावर बसलेली स्त्री असून तिच्या एका हातात राजदंड व दुसऱ्या हातात डहाळी आहे. ती टायबेरियसची माता लिव्हिया असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढील बाजूचा लेख काठाने वर्तुळाकार फिरतो. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते आणि बहुतेक शब्द तोडून लिहिलेले असतात. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो येथेच. हा लेख 'टी कैसर दिवी आउग एफ आउगुस्तुस' असा वाचावयाचा. 'टी' म्हणजे टायबेरियस. 'दिवी आउग एफ' म्हणजे दिव्य ऑगस्टसचा पुत्र. 'एफ' हे पुत्र या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे पहिले अक्षर आहे. ज्यास आपण इंग्रजी वळणाने सीझर म्हणतो, तो शब्द रोमन लोक 'कैसर' असा उच्चारीत. ब्रिटिश अमदानीतील 'कैसर-इ-हिंद' या पदवीमुळे हा उच्चार मराठी वाचकांस परका नाही. मागील बाजूवर 'पाँटिफ माक्सिम' अशी अक्षरे आहेत, त्यांचा अर्थ प्रधान पुरोहित. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रोमन लेखात 'यू' या अक्षराच्या जागी 'व्ही' कोरीत. ऑगस्टसच्या नावात 'व्ही' दिसला म्हणून नाणे खोटे ठरत नाही.

इतके वाचता आले की ग्रंथाचा आधार घ्यावा. रोमन साम्राज्याच्या नाण्यांची अनेक खंडांची प्रमाणभूत सूची १९२३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. मॅटिंग्ली व सिडनहॅम हे तिचे पहिले संपादक. प्रत्येक प्रकाराला तीत क्रमांक दिलेला आहे. गायस-लुशियसचे नाणे सुधारलेल्या आवृत्तीत ऑगस्टसच्या नाण्यांत २०७ व्या क्रमांकावर आहे. मोठ्या ग्रंथालयाबाहेर हे खंड मिळणे कठीण असे. आता अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीने त्यांवर आधारलेली सूची संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिली आहे.

ग्रीक नाण्यांची वाट थोडी निराळी आहे. तेथे राजाचे वा नगराचे नाव बहुधा षष्ठी विभक्तीत असते. 'मेनान्द्रु' म्हणजे मिनँडरचे, 'बासिलेओस' म्हणजे राजाचे. नाणे 'अमक्याचे' आहे, असेच ते स्वतः सांगते. भारताच्या वायव्य भागात राज्य केलेल्या ग्रीक राजांनी पुढील बाजूवर ग्रीक आणि मागील बाजूवर खरोष्ठी लिपीत प्राकृत लेख घातला. एकच मजकूर दोन भाषांत मिळाल्यामुळे जेम्स प्रिन्सेप व त्याच्या समकालीन अभ्यासकांस १८३० नंतरच्या दशकात खरोष्ठीची अक्षरे उलगडता आली. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनाच्या कर्त्याने अपोलोडोटस व मिनँडर या राजांची जुनी द्राख्मा नाणी भडोचच्या बाजारात आपल्या काळीही चालत असल्याचे म्हटले आहे.

नाण्यावरचे भारतीय संस्कार

आतापर्यंत सांगितलेली माहिती युरोपातील कोणत्याही हस्तपुस्तिकेत मिळेल. परंतु भारतात सापडलेल्या रोमन नाण्यावर काही खुणा अशा असतात की, त्यांचा उलगडा त्या पुस्तिकांत होत नाही, आणि नेमक्या त्याच खुणा सफाईच्या भरात पुसल्या जातात.

पहिली खूण छिन्नीच्या घावाची. तमिळनाडूतील पुदुकोट्टै येथे १८९८ साली सोन्याची ५०१ रोमन नाणी मिळाली. त्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मस्तकावर आडवा, खोल चरा पाडलेला आहे. चांदीच्या अनेक नाण्यांवरही असे घाव दिसतात. धातूची पारख करावयाची असती तर घाव कोठेही घालता आला असता; तो मुद्दाम मस्तकावरच घातलेला आहे. हे नाणे चलनातून बाद झाले, यापुढे ते केवळ धातू म्हणून मोजावे, असे दर्शविण्यासाठी तो असावा, हे मत पुष्कळांनी मांडले आहे. परकी राजाची मुद्रा आपल्या राज्यात चालू न देण्याचा हेतू काहींना दिसतो. निर्णय काहीही होवो, असा चरा म्हणजे नाण्याला पोचलेली इजा नसून त्याच्या भारतातील आयुष्याची नोंद आहे. तो भरून काढणारा किंवा घासून सौम्य करणारा 'कुशल' कारागीर ती नोंद फाडून टाकतो.

दुसरी खूण लहान ठशांची. आपल्याकडील आहत नाण्यांवर असतात तशी सूक्ष्म चिन्हे काही डेनारियसांवर मारलेली आढळतात. तिसरी गोष्ट नकलांची. रोमन नाण्यांना मागणी इतकी होती की, येथील कारागिरांनी त्यांच्या हुबेहूब, निदान तसा प्रयत्न असलेल्या, प्रती तयार केल्या. अशा नाण्यावर मस्तक ठीक असते, पण लेखाच्या जागी निरर्थक उभ्या-आडव्या रेघा असतात. लिपी न जाणणाऱ्या हाताने केवळ आकार उतरविलेले असतात. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील तेर आणि तेलंगणातील कोंडापूर येथे तर भाजलेल्या मातीच्या, गळ्यात अडकविण्याजोग्या रोमन नाण्यांच्या नकला मिळाल्या आहेत. टायबेरियसचे मुखकमल तेरच्या एखाद्या स्त्रीच्या गळ्यात शोभून दिसत असेल, याची त्या सम्राटास कल्पना असणे शक्य नव्हते. लेख वाचता येत नाही म्हणून नाणे टाकाऊ समजणारा संग्राहक हा सारा अध्याय गमावतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा ठेवा मिळाला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची. आकाराने ती लहान असून एका बाजूस राजाचे मस्तक आणि त्याभोवती ग्रीक अक्षरांत लेख आहे. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र असून लेख ब्राह्मी व खरोष्ठीत आहेत. ग्रीक अक्षरांत लिहिलेली भाषा मात्र ग्रीक नव्हे. तेथेही 'नहपान' हेच नाव आहे. काही नाण्यांवर ही अक्षरे शुद्ध आहेत, तर पुष्कळांवर बिघडत जाऊन नुसत्या रेघा उरल्या आहेत. ठेव्यातील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला आहे. नाशिकच्या लेण्यात त्याच्या मातेने कोरविलेल्या लेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचे कुळ निर्मूल केल्याचे म्हटले आहे. ते केवळ स्तुतिवचन नव्हते, याचा पुरावा म्हणजे एका ठशाखाली दबलेला दुसरा ठसा. सातवाहनांच्या त्रिकूट पर्वताखाली नहपानाचे नाक किंवा ग्रीक अक्षराचा एखादा पाय डोकावतो. चकाकी आणण्यासाठी अशा नाण्यावर दोन-चार वेळा कडक ब्रश फिरला, तर हा खालचा ठसा पहिल्यांदा जातो, कारण तो आधीच अर्धा चेपलेला असतो.

सफाई

मराठी घरांत देवाची तांब्या-पितळेची उपकरणी चिंच, लिंबू व राखेने घासण्याची परंपरा आहे. देव्हाऱ्यातील जुनी नाणीही सणासुदीला त्याच हाताने उजळली जातात. पूजेच्या दृष्टीने ते योग्यच. नाणकशास्त्राच्या दृष्टीने मात्र चिंच व लिंबू ही आम्ले आहेत आणि राख म्हणजे खरखरीत पूड आहे. दोहोंनी मिळून दरवेळी धातूचा एक अतिसूक्ष्म थर निघून जातो. तसे घासलेले नाणे लखलखते. पण त्याचे मस्तक पुसट होत जाते आणि एकदा गेलेला उठाव कोणत्याही उपायाने परत येत नाही. बाजारात अशा नाण्याची किंमतही उतरते, ही गोष्ट संग्राहकांस अधिक लवकर पटते.

धातूनुसार उपचार बदलतो. सोन्यावर जमिनीतील क्षारांचा परिणाम जवळजवळ होत नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून माती सुटू द्यावी, इतकेच पुरे. सोने मऊ असल्याने त्यावर ब्रशदेखील शक्यतो फिरवू नये.

चांदीवर काळसर थर चढतो तो गंधकाच्या संयोगामुळे. तो पातळ व एकसारखा असेल तर तसाच राहू द्यावा. त्याच्या पार्श्वभूमीवर उठाव अधिक स्पष्ट दिसतो आणि आतील धातूस तो संरक्षणही देतो. हिरवा थर दिसला तर तो चांदीचा नव्हे, चांदीत मिसळलेल्या तांब्याचा असतो. ऊर्ध्वपातित पाणी रोज बदलून आठवडाभर भिजविल्यास आणि नंतर कापसाच्या बोळ्याने टिपल्यास बहुतेक डेनारियस वाचण्याजोगे होतात. हट्टी हिरव्या डागांवर संग्रहालयांत सौम्य फॉर्मिक आम्ल वापरतात. राखाडी, मेणासारखा जाड थर हा क्लोराइडचा असतो. छायाचित्रकारांचा 'हायपो' त्यास विरघळवितो. परंतु हा थर म्हणजे रूपांतर पावलेली चांदीच होय. तो काढला की त्यात जतन झालेला तपशीलही निघून जाण्याचा संभव असतो. म्हणून हे काम घरी करण्याचे नव्हे. सोडा व ॲल्युमिनियमच्या कागदात नाणे उकळण्याचा घरगुती उपायही चांदीचे नैसर्गिक तेज घालवून तिला कोरा, मृत असा पांढरेपणा आणतो. आणखी एक धोका असा की, दोन हजार वर्षे जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते. वाकलेले नाणे सरळ करू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा दोन तुकडे येतात.

तांब्याच्या व कांस्याच्या नाण्यांना सर्वांत अधिक काळजी लागते. त्यांच्यावरील गुळगुळीत हिरव्या, तपकिरी किंवा तांबूस थराला पाश्चात्त्य संग्राहक 'पॅटिना' म्हणतात. हा थर म्हणजे नाण्यावर बाहेरून बसलेली घाण, असा समज चुकीचा आहे. तांब्याचा वरचा भागच कालांतराने खनिजात बदललेला असतो. पुष्कळदा नाण्याचे मूळ पृष्ठ, मस्तकाच्या केसांच्या रेषांसह, या थरातच टिकून असते आणि त्याखालील धातू खडबडीत, खाल्लेला असतो. थर खरवडून 'खऱ्या' धातूपर्यंत पोचणारा माणूस नाणे संपवून नाण्याच्या गाभ्याशी पोचतो. म्हणून बाहेरची माती कोठे संपते व थर कोठे सुरू होतो, ती सीमा शोधणे हेच या कामातील खरे कौशल्य. त्यासाठी आठवडेच्या आठवडे ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवावे आणि मऊ झालेली माती भिंगाखाली बांबूच्या टोकदार काडीने किंवा बाभळीच्या काट्याने कणाकणाने उचलावी. पोलादी सुई नवशिक्याने हाती धरू नये. युरोपात नाणी महिनोन्महिने ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवण्याची चाल होती. तेलातील आम्ले हळूहळू धातूवर परिणाम करतात, हे लक्षात आल्यावर जाणकारांनी ती सोडली. तेव्हा आपल्याकडे खोबरेल तेलाचा प्रयोगही करू नये.

हिरवा रंग दोन प्रकारचा असतो, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. घट्ट, चकचकीत, गडद हिरवा थर निरोगी असतो. फिकट हिरवी, पिठासारखी, बोटाला लागणारी पूड दिसली तर तो रोग समजावा. त्याला कांस्यरोग म्हणतात. जमिनीतील मिठाचा अंश तांब्याशी संयोग पावून आत दडून बसतो. हवेतील ओल लागली की त्यातून आम्ल तयार होते, ते आणखी तांबे खाते आणि हे चक्र नाणे भुकटी होईपर्यंत चालू राहते. कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळ्यात हे चक्र वेगाने फिरते. बंगळूरची हवा त्यामानाने सौम्य असली तरी तेथेही पावसाळा आहेच. धुण्याचा सोडा व खाण्याचा सोडा यांच्या संयोगाने होणाऱ्या सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या शेकडा पाच प्रमाणातील द्रावणात नाणे कित्येक आठवडे ठेवून, द्रावण वरचेवर बदलून, हा मिठाचा अंश काढून घेतात. संग्रहालयांतील प्रयोगशाळा यानंतर बेंझोट्रायझोल हे रसायन वापरतात. ते विषारी असल्याने घरी आणू नये. रोगी नाणे इतरांपासून वेगळे, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. नाणी ठेवण्यासाठी मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नयेत, कारण त्यांतून कालांतराने आम्ल सुटते. लोकर व रबर यांतील गंधकाने चांदी काळवंडते.

मातीखाली बनावट नाणेही असू शकते. प्राचीन ग्रीक व रोमन नाणी बहुतांशी ठशांमध्ये ठेवून हातोड्याच्या घावाने पाडलेली असत; बनावट नाणी बहुधा साच्यात ओतलेली असतात. ओतीव नाण्याच्या काठावर जोडाची रेघ, पृष्ठावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे आणि अक्षरांना साबणाच्या वडीवर असतो तसा गुळगुळीतपणा दिसतो. दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी आढळला, तर दोन्ही एका साच्यातील समजावी. अशा वेळी नाणे घासून पाहण्याची काहीही गरज नसते.

ठेवा आणि कायदा

शेतात, विहिरीच्या वा घराच्या पायाच्या खोदाईत नाणी मिळाली, तर ती सफाईसाठी घरी नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अद्याप लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडणाऱ्याने त्याचे स्वरूप, किंमत, स्थळ व दिनांक लेखी स्वरूपात जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास शिक्षेची तरतूद आहे. याखेरीज पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांपूर्वीची नाणी खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि त्यांचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. जुन्या कायद्यात एक उणीव स्पष्ट दिसते. ठेवा सरकारने ताब्यात घ्यावयाचा ठरविल्यास मोबदला म्हणून धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश, एवढीच रक्कम ठरविलेली आहे. ज्या नाण्यास संग्राहक धातूच्या अनेक पट किंमत देतो, त्याचा हा दर पाहता ठेवे गुपचूप फुटतात व मुशीत जातात, याचे आश्चर्य वाटू नये. कायद्याचा धाक एकटा हे थांबवू शकलेला नाही.

ठेवा फुटला म्हणजे काय गमावले जाते, हे चित्रदुर्गाजवळील चंद्रवळ्ळीच्या उदाहरणावरून कळते. तेथील उत्खननांत रोमन डेनारियस मिळाले. त्याच परिसरात सातवाहन काळातील शिशाची नाणी मिळाली आहेत आणि त्यांपैकी काहींवर 'महारठी' ही पदवी आहे. १९४७ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी चंद्रवळ्ळी व जवळच्या ब्रह्मगिरी येथे थरांनुसार उत्खनन केले, तेव्हा टायबेरियसचे नाणे कोणत्या थरात आहे यावरून त्या थरातील खापरांचा काळ ठरविता आला, आणि त्या खापरांवरून दक्षिणेतील इतर स्थळांचा. तेच नाणे एखाद्या दुकानाच्या काचेखाली मिळाले असते, तर ते शेकडो नाण्यांतील एक, एवढेच त्याच्याविषयी सांगता आले असते.

छंदिष्टाच्या हातून होऊ शकणाऱ्या कामाची मर्यादा यावरून फार संकुचित ठरते, असे मात्र नव्हे. तमिळ वृत्तपत्राचे संपादक आर. कृष्णमूर्ती यांनी करूर येथील अमरावती नदीच्या पात्रातून मिळणारी लहान, झिजलेली तांब्याची नाणी वर्षानुवर्षे गोळा केली. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ती कवडीमोलाची होती. त्यांनी ती ओळखली, वजने घेतली, छायाचित्रांसह प्रसिद्ध केली. करूर व मदुरै येथील उत्तरकालीन रोमन ताम्रनाण्यांवरचे त्यांचे पुस्तक १९९४ मध्ये निघाले. करूरच्या इतर परदेशी नाण्यांवरील पुस्तक २००० मध्ये आले. त्यात ऱ्होड्स व क्रीट यांसारख्या ग्रीक बेटांची नाणी आहेत. रोमन चांदीचा ओघ आटल्यानंतरही चौथ्या-पाचव्या शतकांत तांब्याची क्षुद्र नाणी दक्षिणेच्या बाजारांत येत होती, हे चित्र अशा संग्रहांमुळे स्पष्ट झाले. त्या नाण्यांपैकी पुष्कळांचे वजन दोन ग्रॅमांहूनही कमी आहे. त्यांच्यावरील सम्राटाचे नाव बहुधा काठाबाहेर गेलेले असते, आणि मागील बाजूवर उरलेला क्रूस, सैनिक किंवा पुष्पमालेतील दोन-तीन अक्षरे एवढ्यावरूनच ते कोणत्या दशकातील आहे, हे ठरवावे लागते.